पहिल्या हौदाची वाटी

बावीस वर्षं ती वाटी डोरीन हॅग्लीच्या हातची होती, आणि कारखान्याच्या मालकानं, म्हाताऱ्या पास्कोनं, ती चहात बिस्किट बुडवता बुडवता काढून घेतली.

“यंदा पहिल्या हौदाला वाटी टॅमसिननं फिरवावी म्हणतो,” तो म्हणाला. बिस्किटाचा भिजलेला तुकडा कपात गळून पडला, तेव्हा “अरेरे” म्हणून हळहळला. डोरीनसाठी नाही, बिस्किटासाठी.

डोरीन “बरं” म्हणाली. दुसरं काय म्हणणार? सत्तावन्न वर्षांची बाई, सगळ्यांसमोर पाय थोडीच आपटणार! पण कपबश्या विसळताना तिनं एका बशीचा टवका उडवला आणि बशीलाच शिव्या घातल्या.

वाटी म्हणजे काही चांदीची नव्हे. टास्मानियातच मिळणाऱ्या हुऑन पाइनच्या पिवळ्या, तेलकट लाकडाची, तळहातात मावेल एवढी. पास्कोच्या आजोबानं कोरलेली. कोमट दुधात रेनेट घातलं, म्हणजे वासराच्या पोटातला तो दूध लावणारा रस घातला, की वाटी दुधावर सोडायची आणि बोटानं टिचकी मारायची. दूध पातळ आहे तोवर ती गरगर फिरते. मग दूध धरायला लागतं, वाटी जडावते, आणि एक वेळ अशी येते की टिचकी मारली तरी ती जागची हलत नाही. तिथवर किती मिनिटं गेली ती मोजायची, तिप्पट करायची, आणि तेवढ्या वेळानं लागलेलं दूध सुरीनं कापायला घ्यायचं. पास्कोंच्या चीजच्या कारखान्यात वाफेचा बॉयलर आला, स्टीलचे हौद आले, पण वाटी गेली नाही. तिला हात लावायचा तो हौदाच्या मुख्य माणसानं. दुसऱ्या कुणी लावला तर आजोबा पास्को म्हणे बोटांवर पळी हाणायचे.

आणि वर्षातला मोठा दिवस पहिल्या हौदाचा. इथला हिवाळा जून-जुलैत, तेव्हा गाई आटतात, कारखान्याला दोन महिने कुलूप. ऑगस्टात वासरं होतात, सप्टेंबरात दुधाचा लोंढा येतो. मग एका शनिवारी दूध घालणारी सगळी घरं पोराबाळांसकट कारखान्यात जमतात, स्कोन म्हणजे भट्टीतले छोटे मऊ पाव, साय, जॅम, चहाची मोठी किटली, आणि सगळ्यांच्या देखत वाटी फिरते. “डोरीन, यंदा किती मिनिटं गं?” असं लोक विचारायचे, आणि ती नुसतं दुधात कोपर बुडवून सांगायची, “बारा.” बाराच निघायची. पास्कोंचं चीज म्हणजे डोरीनचं कोपर, असं सगळ्या पंचक्रोशीत म्हणत.

आता म्हणे टॅमसिन. कालची पोर!

बरं, पोरीला आणली कुणी? डोरीननंच. टॅमसिन तिच्या शाळेतल्या मैत्रिणीची, बेरिलची मुलगी. एकोणीस वर्षांची असताना दारात उभी राहिली होती, “कोणतंही काम दे मावशी,” म्हणून. हौद घासण्यापासून ते चीजची चक्की उलटी कशी करायची इथपर्यंत डोरीननं तिला शिकवलं. मग पोरीला समुद्रापलीकडे, ऑस्ट्रेलियाच्या मेनलँडला जाऊन डेअरीचं शिकायचं होतं, तर पास्कोकडे रदबदलीसुद्धा डोरीननंच केली. वर्षानं परत आली ती खिशात काचेची तापमापी आणि काखेत वही घेऊन. दोन वर्षं झाली, ती वही काही काखेतून सुटत नव्हती.

डोरीनचं डोकं फिरायचं ते एका गोष्टीनं. डोरीन हौदात कोपर बुडवायची, “झालं, बंद कर वाफ,” म्हणायची, आणि हात पुसत रेनेट कालवायला वळायची. वळली की मागे वाफेच्या चावीची बारीक कुरकुर ऐकू यायची. मान वळवावी तर टॅमसिन चावीपाशी उभी, तोंडावर साखर पेरल्यासारखी.

“काय करतेस गं?”

“काही नाही मावशी, चावी घट्ट आहे का बघत होते.”

रोज घट्ट आहे का बघायची! माझ्या प्रत्येक कामाला हिचं बोट लागल्याशिवाय जमत नाही, असं डोरीनला वाटायचं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण पकडून विचारावं तर पोरगी हसायची. तिच्यावर ओरडणं म्हणजे पाण्यावर काठी मारणं.

त्यात मे महिना उजाडला. टॅमसिनचं लग्न झालं, ती तीन आठवडे रजेवर गेली, आणि नेमके त्या तीन आठवड्यांतले चार हौद बिघडले. दूध भराभर लागायचं, दही रबरासारखं व्हायचं, चीज कोरडं आणि चिवट. पास्कोनं तुकडा चावता चावता जबडा चोळला.

“टॅमसिन नसली की चीज रुसतं वाटतं,” तो म्हणाला. गमतीनंच म्हणाला. पण काही गमती काट्यासारख्या रुततात, आणि ही तशीच रुतली.

“हंगाम संपत आला की दूध दाट होतं, म्हणून,” डोरीन म्हणाली. तिला स्वतःला ते पटलंही होतं. त्या रात्री स्कोन भट्टीतून काढताना तिला उजव्या हाताच्या कोपराखाली एक लाल पट्टा दिसला, भाजल्याचा. कधी भाजलं कोण जाणे. तिनं लोणी चोळलं आणि विसरून गेली.

*

पहिल्या हौदाच्या शनिवारी टॅमसिन पहाटेच आली होती. डोरीन पोचली तेव्हा दाराजवळच्या लांब टेबलावर जॅमच्या रिकाम्या बरण्या रांगेनं मांडलेल्या, आणि प्रत्येक बरणी पाण्याच्या एकेका बादलीत. बादल्यांवर खडूनं अंशांचे आकडे: पंधरा, पंचवीस, बत्तीस, चाळीस, साठ. शेजारच्या गॅसवर गरम पाण्याचं पातेलं, बादली निवली की ओतायला.

“हे काय, जादूचे खेळ?” डोरीननं विचारलं.

“पोरांना दाखवायला,” टॅमसिन म्हणाली. “आणि मावशी, रेनेट तूच कालव हं आज. तुझ्या हातचंच हवं मला.”

म्हणजे नवरी ही आणि मी पाणी भरायला, डोरीन मनात म्हणाली. तोंडानं म्हणाली, “बघू.”

दहा वाजेपर्यंत माणसांनी कारखाना भरला. आणि मग टॅमसिननं खेळ मांडला. पाचही बरण्यांत एकच दूध, प्रत्येकीत रेनेटचे तेवढेच थेंब. पोरं बादल्यांभोवती कोंडाळं करून बसली. चाळिसातलं दूध सगळ्यांत आधी लागलं, चार-पाच मिनिटांत बरणी तिरकी केली तरी हलेना. मग बत्तिसातलं. पंचविसातलं रेंगाळत रेंगाळत. पंधरातलं ढिम्म, नुसतं दूधच.

“म्हणजे जितकं गरम तितकं लवकर!” एक पोरगी ओरडली.

“असं? मग साठातलं बघ,” टॅमसिन म्हणाली.

साठातलं पाण्यासारखं डुचमळत होतं. पोरं चक्रावली. टॅमसिननं ती बरणी उचलून बत्तिसाच्या बादलीत ठेवली. “निवू दे. मग लागतं का बघा.” पाच मिनिटं गेली, दहा गेली. निवलं, पण लागलं नाही ते नाहीच.

“रेनेट मेलं,” टॅमसिन म्हणाली. “ते एक एन्झाइम असतं. ऊब मिळाली की कामाला लागतं. फार तापलं की मरतं. आणि एकदा मेलं की थंड करा नाहीतर बर्फात ठेवा, उठायचं नाही. बरं, वरून बघून कळतही नाही हं, जिवंत आहे की मेलेलं. पाण्यासारखं पाणी.”

मग आणखी तीन बरण्या. एकीत पाणी घातलेलं दूध, दुसरीत नेहमीचं, तिसरीत भुकटी घालून खूपच दाट केलेलं. रेनेट सगळ्यांत सारखं. पाणचट दूध उशिरा लागलं, नेहमीचं त्याच्या आधी. दाट दूध मात्र नेहमीच्यापेक्षा काही लवकर लागलं नाही, दोघंही बरोबरीनंच.

“आता असं समजा,” टॅमसिन म्हणाली, आणि डोरीनच्या कानाशी एकदम घंटा वाजली, “रेनेट म्हणजे लोकर कातरणारे दहा गडी. कुंपणात चारच मेंढ्या असल्या तर सहा गडी बिड्या ओढत बसणार. मेंढ्या वाढवा, काम वाढेल. पण दहाही गडी कामाला लागले की झालं! मग कुंपणात हजार मेंढ्या कोंबा, गडी दहाच, हात वीसच. काम त्याच वेगानं होणार. सकाळच्या गारठ्यात गड्यांची बोटं आखडतात, ऊन आलं की चरचर कातरतात. आणि भर उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये कोंडलं तर आडवे होतात, ते पुन्हा काही उठत नाहीत.”

सगळे खो खो हसले. मेंढ्या कुणाला माहीत नाहीत तिथे! म्हाताऱ्या पास्कोनं तर मांडीवर थाप मारली. “काय झकास सांगते पोरगी! इतकं सोपं मला उभ्या जन्मात कुणी सांगितलं नाही.”

ते गडी डोरीनचे होते. तिचा बाप मेंढ्या कातरायचा, त्याच पत्र्याच्या शेडमध्ये ती वाढली होती, आणि सहा वर्षांपूर्वी ह्याच हौदाशी तिनं ह्याच पोरीला दहा गडी आणि मेंढ्या सांगितल्या होत्या. तिला एन्झाइम-बिन्झाइम नाव येत नव्हतं, पण गडी तिचे होते. वाटी घेतली, चावी घेतली, आणि आता माझ्या मेलेल्या बापालाही घेतलास का गं टवळे? आयत्या बिळावर नागोबा!

टॅमसिन हसत हसत तिच्याकडे बघून काहीतरी बोलणार होती. डोरीन तोंड फिरवून मागच्या खोलीत निघून गेली.

मागच्या खोलीत रेनेटची बाटली, मापाचा पेला, जग, आणि चहासाठी नुकती उकळलेली किटली. डोरीननं मापून रेनेट जगात ओतलं. त्यात उकळून गार केलेलं पाणी घालायचं असतं. ते मडक्यात भरून ठेवलेलं होतं, हाताच्या अंतरावर. तिनं किटली उचलली.

आपण काय करतोय ते तिला पुरतं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असण्यातच एक गोडी होती. कढत पाणी जगात गेलं. तिनं पन्नासपर्यंत आकडे मोजले. मग जग नळाखालच्या गार पाण्याच्या टोपात ठेवला आणि निवेपर्यंत पाच मिनिटं हलवत राहिली. वरून बघून कळत नाही, तूच म्हणालीस ना? गुरूची विद्या गुरूला, आज शिष्याची शिष्याला.

बाहेर टॅमसिननं जग दोन्ही हातांनी घेतला. “थँक्यू मावशी.” तिचे कान लाल झाले होते, लग्नात झाले होते तसे. तिनं हौदात तापमापी धरून बत्तीस आहे हे पाहिलं, रेनेट ओतलं, मोठ्या पळीनं दूध हलवलं, शांत होऊ दिलं. मग वाटी दुधावर सोडली आणि टिचकी मारली. वाटी फिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“किती मिनिटं गं टॅमसिन?” कुणीतरी विचारलं.

“बारा,” ती म्हणाली, आणि पुढे, “असं मावशी म्हणाली असती.”

पाच मिनिटं. आठ. दर मिनिटाला टिचकी, दर मिनिटाला वाटी गरगर. दहा, अकरा, बारा. बाराव्या मिनिटाला सगळे पुढे वाकले. टिचकी. वाटी अशी फिरली की बघत राहावं. डोरीन खांबाला टेकून उभी होती. तिच्या पोटात गुदगुल्या झाल्या. फिर बाई, फिर!

पंधराव्या मिनिटाला बायकांनी कप खाली ठेवले. विसाव्याला एक पोर नाचायला लागलं, “अजून फिरतेय! अजून फिरतेय!” तेव्हा त्याच्या आईनं त्याला दंडाला धरून बसवलं. पास्कोची मान कॉलरीत शिरली. आठ हजार लिटर दूध, तिथे बसलेल्या घराघरातून आलेलं, आणि लोक एकमेकांकडे न बघता हौदाकडे बघत होते. टॅमसिनच्या गळ्यावर घाम दिसत होता. डोरीनला आता गुदगुल्या होत नव्हत्या, पण तिनं डोळे हलवले नाहीत. इतकी वर्षं ह्या हौदाशी मला बघत होते, आज हिला बघू देत.

टॅमसिननं तापमापी बुडवून पाहिली. बत्तीस. रेनेटची बाटली मागवली, तारीख वाचली, वास घेतला. मग तिची नजर रिकाम्या जगावर गेली. तिथून उघड्या दारातून मागच्या खोलीत, किटलीवर. आणि तिथून, सावकाश, डोरीनच्या उजव्या हातावर.

संपलं, डोरीनला वाटलं. कळलं हिला.

टॅमसिन सरळ उभी राहिली. “चूक माझी आहे,” ती मोठ्यानं म्हणाली. “ओतायच्या आधी मी जगात गरम पाणी घातलं. घाईत बघितलं नाही. रेनेट मेलंय. दूध चांगलं आहे, वाचेल.”

पास्कोनं टोपी काढली, परत घातली. उभ्या आयुष्यात जे कधी बघितलं नव्हतं ते त्यानं पहिल्या हौदालाच बघितलं होतं.

“डोरीन,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “घे बाई वाटी. सांभाळ आता.”

टॅमसिननं दुधातून वाटी काढली, ॲप्रनला पुसली आणि तिच्या हातात दिली. हवं ते मिळालं होतं. चार लोकांत मिळालं होतं, मागावंही लागलं नव्हतं. वाटी कोमट आणि ओली होती.

*

नवं रेनेट कालवायला दोघी मागच्या खोलीत आल्या. टॅमसिननं दार लोटलं आणि हळू आवाजात बोलायला लागली.

“मावशी, घाबरू नकोस. कुणाला कळायचं नाही. आजवर मी कुणाला सांगितलं नाही, पुढेही सांगणार नाही.”

“काय सांगितलं नाहीस?”

“तुझ्या हाताचं.”

“माझ्या हाताला काय धाड भरलीय?”

टॅमसिननं ओठ चावला. “तुला कोपराला गरम कळत नाही गं. वर्षभर तरी झालं. तू ‘झालं’ म्हणतेस तेव्हा दूध कधी छत्तीस असतं, कधी एकोणचाळीस. मी वाफ बंद करून हौदाच्या भिंतीतल्या पोकळीत गार पाणी सोडते, चावीशी. मला तेच करत असताना तू कितीदा तरी बघितलंस. मे महिन्यात मी नव्हते म्हणून ते चार हौद… आणि आज किटलीचं पाणी तुला गार वाटलं असणार. चूक झाली, होते. पण पास्कोंना कळलं तर ते तुला घरी बसवतील. मला ते नकोय.”

डोरीनच्या कानात वाफेसारखी शिट्टी वाजायला लागली. चोरी पकडली असती, चालली असती. अंगावर थुंकली असती, चाललं असतं. पण ही दया! ही कालची पोर वर्षभर आपल्या मागे उभी राहून आपल्या पोराच्या ढुंगणाला लंगोट बांधावा तशी आपली चूक झाकत होती, आणि वर आज पदरात घालून घेऊ बघत होती?

“मूर्ख आहेस तू,” डोरीन म्हणाली. “मी मुद्दाम केलं.”

“मावशी, असं नको म्हणूस.”

“अगं, मुद्दाम! मुद्दाम किटली ओतली. कढत आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. पन्नास आकडे मोजले आणि मग गार केलं, तुझ्या त्या बरणीसारखं. तुझं तोंड काळं व्हावं म्हणून केलं. माझ्या बापाचे गडी तू तुझे म्हणून खपवलेस!”

“मी सांगणार होते की ते तुझे आहेत. तू निघून गेलीस,” टॅमसिन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण विश्वास नव्हता. “मला वाईट वाटू नये म्हणून तू स्वतःवर असलं काही घेऊ नकोस. मला माहितीय तू कशी आहेस ते.”

ह्याला काय म्हणावं? बाई ओरडून सांगते आहे मी पापी आहे, आणि ही म्हणते नाही, तू आंधळी आहेस! डोरीनला पाप परवडत होतं. कोपर परवडत नव्हतं.

“माझं कोपर ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “थांब, दाखवते.”

पोरांनी पाय मारून सांडू नये म्हणून साठाची बादली कुणीतरी आत आणून ठेवली होती, एक दुसरी तापमापी तिच्यातच तरंगत होती. डोरीननं बाही वर सारली आणि आकड्याकडे न बघता कोपर पाण्यात बुडवलं. तसंच धरून ठेवलं. डोळे मिटले, बावीस वर्षं मिटायची तसे.

“बत्तीस,” ती म्हणाली. “फार तर तेहेतीस. निवलंय. आता बघ तुझ्या त्या काचेत.”

टॅमसिननं दोन्ही हातांनी डोरीनचा हात धरला आणि पाण्यातून ओढून बाहेर काढला. डोरीननं डोळे उघडले. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी उकडलेल्या शेवंडीसारखी लाल झाली होती. टॅमसिननं तापमापी तिच्यासमोर धरली.

एकोणपन्नास.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, डोरीननं तर कोपर दाखवलं. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मग दुसऱ्या हाताचं, डाव्या हाताचं बोट बादलीत घातलं आणि “हाय!” म्हणून झटकन मागे घेतलं. डाव्याला कळत होतं. तिला एकेक गोष्ट आठवायला लागली: चावीची कुरकुर, मे महिन्यातलं रबरासारखं दही, भट्टीचा लाल पट्टा. ती दुधाच्या कॅनवर मट्कन बसली.

“मी मुद्दाम केलं,” ती पुन्हा म्हणाली, पण आता आवाज बारीक होता. “दोन्ही खरं आहे, पोरी. हात गेलाय तेही, आणि मी केलं तेही.”

ह्या वेळी टॅमसिननं ऐकलं. तिचा चेहरा हळूहळू बदलला. ती दोन पावलं मागे सरली, भिंतीला पाठ लागेपर्यंत.

“आठ हजार लिटर होतं गं,” ती म्हणाली. “माझ्या सासऱ्यांचं पण दूध आहे त्यात.”

“ठाऊक आहे.”

“आणि मी तुझ्यासाठी सगळ्यांसमोर…”

“ठाऊक आहे म्हटलं ना!”

टॅमसिन वळली, बाटली घेतली, रेनेट मापलं, मडक्यातलं गार पाणी घातलं. थोडं पाणी ओट्यावर सांडलं. “आधी दूध वाचवायचं,” ती स्वतःशीच म्हणाली. डोरीननंच शिकवलेलं वाक्य होतं ते: भांडण मग, आधी दूध.

डोरीन उठली. लाल हात तसाच उघडा ठेवून, दुसऱ्या हातात वाटी घेऊन ती दार ढकलून बाहेर आली. सगळी माणसं उभीच होती. बेरिल, टॅमसिनची आई, डोळे पुसत होती.

“ॲथोल,” डोरीन पास्कोला म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, कारण हळू म्हटलं असतं तर पुन्हा म्हणायची छाती झाली नसती. “पोरीची चूक नाही. रेनेट मी मारलं. किटलीच्या पाण्यानं, जाणूनबुजून. माझ्या पोटात दुखत होतं म्हणून. आणि माझं कोपर गेलंय. वर्षभर तुमचं चीज हिनं सांभाळलं, मी नाही.”

पास्को तिच्या लाल हाताकडे बघत राहिला. बेरिलनं तोंडावर हात घेतला. डोरीनला वाटलं, कुणी दोन शिव्या घातल्या तर बरं होईल. कुणी घातल्या नाहीत. इथली माणसं तशीच आहेत. ती हंगामभर नुसती बघतील.

टॅमसिन जग घेऊन हौदापाशी आली. डोरीननं वाटी पुढे केली. टॅमसिननं ती लगेच घेतली नाही. आधी ओतलं, हलवलं, दूध थांबू दिलं, आणि मग हात पुढे केला, डोरीनच्या तोंडाकडे न बघता.

डोरीन नळापाशी गेली. बादली भरून घेतली आणि हात कोपरापर्यंत आत सोडला. तिथून तिला हौद दिसत होता. टिचकी. वाटी फिरली. पोरीचं बोट हलकं होतं, वाटी अजिबात डगमगत नव्हती. डोरीनच्या हातून ती कधीही इतकी सरळ फिरली नव्हती. एवढं सगळं होऊनसुद्धा ते बघून तिच्या काळजात बारीक कळ आलीच. मरेपर्यंत येणार, तिला वाटलं, ही काही निवायची नाही.

सात मिनिटं. नऊ. वाटी जडावली. अकराव्या मिनिटाला टॅमसिननं टिचकी मारली आणि वाटी दुधात रुतल्यासारखी जागच्या जागी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. पास्को खुर्चीत बसला.

टॅमसिननं वहीत आकडा लिहिला, तेहेतीस मिनिटांचा गजर लावला, आणि ॲप्रनला हात पुसत नळाकडे आली. डोरीनसमोर थांबली. खिशातली काचेची तापमापी टॅमसिनच्या बोटांत होती.

डोरीननं बादलीतल्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पाणी गार होतं की कोमट, तिला सांगता येत नव्हतं. बावीस वर्षांत तिनं हे कुणाला विचारलं नव्हतं.

“किती आहे गं पाणी?” तिनं विचारलं.

टॅमसिन वाकली, तापमापी बुडवली आणि पारा उतरायचा थांबेपर्यंत थांबली.

“अकरा,” ती म्हणाली. “राहू दे अजून थोडा वेळ.”